तीस दिवसांचा नियम

पुंता अरेनासमध्ये वारा असा, की
नगरपालिका चौकाचौकांत दोर बांधून ठेवते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
हिवाळ्यात सकाळचे दहा वाजले तरी उजाडत नाही.
त्या अंधारात दोर धरत मुलं येतात,
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
आणि चार तास माझ्या ताब्यात असतात.
मी सुया टोचते. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.
उरलेलं ती आपलं आपण करतात.

उरलेलं म्हणजे एक गाव.
टॅबलेटमधलं.
तिथे वारा नाही, पहिल्याच दिवशी मतदान घेऊन बंद केला;
पुढे ओव्हिदिओनं हट्टानं थोडा परत आणला,
पतंगापुरता.
तिथे पाणी मोजून प्यावं लागत नाही,
म्हणून झाडून सगळ्यांच्या दाराशी कारंजं.
पेला मात्र कोणीच काढला नाही.
ते मला फार उशिरा दिसलं.

मिलाराय तेरा वर्षांची.
तिथे ती कधी कोल्हा, कधी मिशा फुटलेला मुलगा,
एक आठवडा तर नुसती होडी.
“होडीला कोणी विचारत नाही, आज कसं वाटतंय,” म्हणाली.
मी तेच विचारायला आले होते.
रक्तदाब लिहून घेतला आणि निघाले.

नियम एलिसेओचा.
ज्या घरात तीस दिवस पाऊल पडणार नाही
ते घर पडेल, जागा नव्या मुलाला.
हात वर झाले.
ज्याचा जो मोकळा होता, तो.

जूनमध्ये एलिसेओला सांतियागोहून फोन आला.
मूत्रपिंड मिळालं होतं. रात्रीचं विमान.
घाईत सपाता इथेच राहिल्या.
पहिले काही दिवस तो तिकडून गावात डोकवायचा,
टाके दुखतात म्हणायचा,
मग क्वचित,
मग नाहीच.
कारंजं चालू.

एकोणतिसाव्या दिवशी सभा भरली.
राडोवान नऊ वर्षांचा, त्याला वाट सापडली:
“रोज एकानं आत जाऊन यायचं. पाऊल पडलं म्हणजे झालं.”
ओव्हिदिओ म्हणाला, ही लबाडी.
“लबाडी नाही, शेजारधर्म.”
“कसला शेजारी? विसरला तो आपल्याला.
आता पीत असेल हवं तेवढं पाणी!”
मग चारही मशीनं तेवढी घरघरत राहिली.

माझे आजोबा दूरच्या एका बेटावरून इथे आले,
आणि मरेपर्यंत त्यांनी त्या बेटाचं नाव घेतलं नाही.
आम्ही त्याला दुःख समजायचो.
कोण जाणे, सुटका असेल.

“विसरू दे की,” मिलाराय म्हणाली.
त्या दिवशी ती कोल्हा नव्हती, होडी नव्हती.
तेरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या,
डाव्या हातावर फुगलेली शीर,
जशी इथे तशीच तिथे;
तिनं स्वतः काढलेली,
जरा मोठीच.
“मला मिळालं तर मीसुद्धा विसरणार. आधीच सांगून ठेवते.
घर पाडा माझं, खुशाल पाडा.
कारंजं तेवढं राहू द्या.
नवा येईल तो तहानलेलाच येईल.”

राडोवान रडला, आणि त्यानं हातही वर केला.
ओव्हिदिओनं नाही केला.
तिसाव्या दिवशी घर पडलं. आवाज झाला नाही,
तो कसा करायचा हे त्यांना अजून येत नाही.

सपाता माझ्या कपाटात होत्या.
तिकडचा नियम इकडे लागू नाही
अशी मी माझ्यापुरती समजूत घातली होती.
शुक्रवारी सामुद्रधुनीपलीकडच्या पोर्वेनीरहून एक मुलगी आली, अनाई,
बोटीतून येता येता मोजे भिजलेले.
मी कपाट उघडलं.

“सैल होताहेत,” ती म्हणाली.
पण काढल्या नाहीत.
मग शेजारच्या खुर्चीकडे वाकून बघत
हळूच विचारलं,
हे पाणी कोणाचं?